दफ्तरातले कूळ

वैशाख सरत आला आणि उजनीच्या जलाशयाचे पाणी ओसरू लागले, की पळसदेवच्या जुन्या पळसनाथाचे शिखर प्रथम दिसू लागते, आणि अवर्षणाचे साल असेल तर काही आठवड्यांत ते सगळे प्राचीन देवालय भीमेच्या गाळातून वर येऊन उभे राहते. मग दुरदुरून माणसे होड्यांतून तेथे दर्शनास जातात. माझे पूर्वज ज्या गावी नांदले ते गाव याच पाण्याखाली आहे, पण त्याच्या देवळाला असे उंच शिखर नव्हते, म्हणून पाणी कितीही उतरले तरी ते वर येत नाही. धरणाचे काम १९८० च्या सुमारास पुरे झाले, त्याच्या आधी आमच्या घराची कौले आणि तुळया उतरवून बैलगाड्यांतून नव्या गावठाणात आणल्या गेल्या. भिंती तेथेच राहिल्या. लहानपणी चुलते मला काठावर उभे करून पाण्याकडे बोट करीत आणि "तिथं आपला वाडा, तिथं पांढर, तिथं मळई" असे सांगत, आणि मी त्या एकसारख्या चकाकणाऱ्या विस्ताराकडे पाहून मान डोलावीत असे. पुढे चुलतेही गेले, आणि त्या गावाचा आकार जिथे शिल्लक आहे अशी जागा माझ्या लेखी एकच उरली. ती म्हणजे तालुक्याच्या कचेरीतील अभिलेख-कक्ष, जेथे लोखंडी मांडण्यांवर लाल फडक्यांत बांधलेली गावागावांची दफ्तरे ठेवलेली असतात.

मराठीत 'कूळ' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. घरात तो वंशाचा वाचक आहे: कुळाचा देव, कुळाचा आचार, कुळाचे नाव. कचेरीत मात्र कूळ म्हणजे ज्याच्याकडून काही येणे आहे तो. सरकारचे कूळ सारा देते, सावकाराचे कूळ व्याज देते, जमीनमालकाचे कूळ खंड घालते. एकाच शब्दाच्या पोटात हे दोन अर्थ कसे आले याचा निर्णय व्युत्पत्तिकारांनी करावा. पण ज्याने आपल्या वंशाचा शोध दफ्तरांतून घेतला आहे त्याला या योगाचे मर्म पहिल्या दिवशीच उमगते, कारण त्याचा आजा-पणजा त्याला तेथे भेटतो तो देणेकरी म्हणूनच. कोणी सारा भरला, कोणाची बाकी राहिली, कोण मेला आणि त्याच्या जागी कोणाचे नाव लागले, कोणी कोणाविरुद्ध तक्रार केली, एवढेच राज्याला लिहून ठेवावेसे वाटले. प्रेम, पराक्रम, सुस्वभाव यांसाठी त्या वहीत रकाना नाही. आणि तरीही, ज्या घराण्यात कोणी सरदार झाला नाही, कोणाला सनद मिळाली नाही, ज्याचा कुलवृत्तांत कधी छापला गेला नाही, त्या घराण्याला दुसरा आधारही नाही.

हा शोध उलट्या पावलांनी करावा लागतो. आजचा सातबारा हातात घ्यावा. त्यात खातेदाराच्या नावालगत वर्तुळात आकडे असतात, ते फेरफारांचे. त्या क्रमांकांनी गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही, उघडावी. तेथे कोणत्या कारणाने कोणाचे नाव कमी झाले आणि कोणाचे दाखल झाले हे लिहिलेले सापडते, आणि त्या नावावरून त्याच्या मागच्या फेरफाराकडे जाता येते. अशी एकेक पायरी उतरत माणूस मुंबई इलाख्याच्या १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यापर्यंत पोहोचतो. वाटेत दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे जुना कोणता नंबर नव्या कोणत्या गटात मिळाला याचा तक्ता शोधल्यावाचून पुढे सरकता येत नाही. दुसरे, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली, आणि त्यामागे जमीन कोणाची आणि वहिवाट कोणाची हे दोन धागे वेगळे धरावे लागतात. आमच्या बाबतीत मला आठ महिने लागले. त्यातले तीन महिने मी दुसऱ्याच एका घराण्याच्या मागे चाललो होतो, कारण आडनाव तेच होते आणि आजोबांचे नावही तेच.

१९५० च्या आधीच्या पानांवर लिपी बदलते. रेघ आधी एका सपाट्यात ओढून घेतलेली, आणि तिच्याखाली बोरू न उचलता उतरवलेली ती मोडी अक्षरे प्रथम पाहणाराला मुंग्यांच्या रांगेसारखी वाटतात. मोडीत इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घ वेगळे नसतात, शब्द शब्दापासून तोडलेला नसतो, आणि संक्षेप तर इतके, की राजश्री, पैकी, मौजे, तर्फ ही सगळी एका फटकाऱ्यात येतात. परंतु दोन-तीन महिने रोज तास-दोन तास डोळे घातले, की एके दिवशी ती रांग फुटते आणि माणसांची नावे दिसू लागतात. तो दिवस मी विसरलेलो नाही. कचेरीतील भाषाही हळूहळू अंगवळणी पडते. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'वलद' म्हणजे तेच, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'मयत', 'वारस', 'वहिवाट', 'सबब', 'अज्ञान पालनकर्ती आई' हे शब्द पानोपान येतात. आणि या शेवटच्या शब्दांपाशी मी दर वेळी थांबत असे, कारण त्या तीन शब्दांत एक तरुण मृत्यू, एक लहान पोर आणि एक बाई एकदम उभी राहते.

आमच्या इंदापूर तालुक्याला या दफ्तरांच्या इतिहासात एक विशेष स्थान आहे. इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली आकारणी रयतेला पेलवेना, शेते टाकून माणसे परागंदा झाली, आणि इंदापुरात पडीक जमिनीचे प्रमाण भयंकर वाढले. तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड या मुलकी अधिकाऱ्याने आणि विंगेट या तरुण लष्करी अभियंत्याने याच तालुक्यात नव्याने पाहणी सुरू केली. प्रत्येक शेताला बांध घालून नंबर दिला, मातीचा रंग आणि खोली पाहून प्रतबंदी केली, दर हलके ठेवले आणि तीस वर्षे ते वाढणार नाहीत अशी हमी दिली. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पाहणीचा नमुना येथून निघाला. पद्धतीचे गुणदोष अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ चर्चिले आहेत. वंशशोधकाच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे, की तेहतीस फुटी साखळी घेऊन पाहणीदार बांधाबांधाने हिंडला तेव्हा प्रत्येक शेताच्या नंबरापुढे एका माणसाचे नाव लिहिले गेले. भूमी-अभिलेखात आजही टिपण, वसलेवार, गुणाकार बुक, आकारबंद या नावांनी ती पाहणी आणि तिच्या पुढच्या दुरुस्त्या जपलेल्या आहेत. टिपणाच्या कागदावर शेताची आकृती शाईने काढलेली असते, कोनाकोनाला अंतराचे आकडे असतात. जे शेत आज साठ हात पाण्याखाली आहे त्याची पूर्वेची बाजू किती साखळ्या आणि किती आणे भरली हे मी त्या कागदावर वाचले, तेव्हा चुलत्यांनी बोट दाखवलेला तो पाण्याचा पट माझ्यासाठी प्रथमच जमीन झाला.

पाहणीच्या मागे गेले, की गाव सरकारी नंबरांनी नव्हे, तर कुळांच्या नावांनी वाटलेले दिसते. देशावरच्या पुष्कळ गावांत जमिनीचे मोठे भाग, ज्यांना थळ म्हणत, ते मूळ वसाहत करणाऱ्या घराण्यांच्या नावांनी ओळखले जात. घराणे नष्ट झाले तरी थळाचे नाव चाले, आणि अशा निर्वंश झालेल्या घराण्याच्या जमिनीला 'गतकूळ' म्हणत. या शब्दाइतका करुण शब्द महसुलाच्या कोशात मला दुसरा आढळलेला नाही. दुष्काळात, पेंढाऱ्यांच्या धाडीत किंवा पटकीच्या साथीत जे घर बसले, ते गावाने विसरू दिले नाही. थळझाड्यात त्याचे नाव तसेच ठेवले, आणि जमीन दुसऱ्याला लावून दिली तरी ती त्या नावाचीच राहिली. ज्याची जमीन वंशपरंपरेची तो मिरासदार, बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. आणि उपरी मिरासपत्र घेऊन मिरासदार झाला तर तो कागद त्याच्या वंशजांनी देव्हाऱ्यात ठेवावा, इतके त्याचे मोल.

मिरासीचा किंवा वतनाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे आणि तिचा निर्णय महजराच्या रूपाने लिहिला जाई. मला महजर फार आवडतो. त्यात वादी आपली हकीकत पिढ्यांसह सांगतो, प्रतिवादी आपली सांगतो, साक्षीदार देवळात उभे राहून सत्य बोलल्याचे लिहिलेले असते, आणि शेवटी सगळ्या पांढरीच्या निशाण्या असतात: कुणब्याचा नांगर, वाण्याची तागडी, न्हाव्याचा आरसा. अक्षर न येणारा माणूस आपल्या हातातले हत्यार काढून देई, आणि ते चित्र त्याच्या सहीइतके बंधनकारक असे. सामान्य माणसाची वंशावळ त्याच्याच तोंडून उतरवून घेतलेली सापडते ती अशा कागदांत. अर्थात दोन्ही पक्षांच्या वंशावळी एकमेकींशी जुळत नाहीत, कारण जुळल्या असत्या तर तंटाच उद्भवला नसता. या कागदांवरची सालेही शिकून घ्यावी लागतात. 'सन तिसा सबैन मया व अलफ' असे लिहिले असेल तर अरबी अंक उलटे जुळवून अकराशे एकोणऐंशी होतात, त्यांत पाचशे नव्व्याण्णव मिळवले की मृगापासूनचे इसवी १७७८-७९ हे साल निघते. आणि आरंभी 'छ' असेल तर तिथी चंद्राची, मुसलमानी महिन्याची समजावी.

हे गावचे दफ्तर पूर्वी कचेरीत नसे; ते कुलकर्ण्याच्या घरी, माळ्यावर, बासनात असे. कुलकर्ण वंशपरंपरेचे होते, आणि कागद हाच त्या वतनाचा जीव होता. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर आणि विशेषतः १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाल्यावर कोणाची जमीन खरोखर इनाम आणि कोणाची नव्हे हे ठरविण्यासाठी जुने कागद मोठ्या प्रमाणावर गोळा झाले, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात त्यांची भर पडली. पुढे गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडलेले ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध केले; पण त्या खंडांत राज्याचे राजकारण आहे, आमच्यासारख्यांचे कूळ शोधायचे तर न छापलेले जमाखर्चाचे रुमालच सोडावे लागतात. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरून कागद उतरवले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली, १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामुळे पुष्कळ खाजगी दफ्तरे वाळवीच्या तोंडातून वाचली. १९५० च्या कायद्याने कुलकर्ण गेले आणि तलाठी आला, त्या वेळी सरकारात जमा झालेले कागद राहिले. जे माळ्यावरच राहिले ते बहुधा गेले.

काही कागद जाणूनबुजूनही नाहीसे झाले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, आणि पुढे पुणे आणि नगर या जिल्ह्यांत तो वणवा पसरला, तेव्हा जमावाचा रोख माणसांवर क्वचितच होता. त्यांना हवी होती खते आणि रोखे, आणि ती हाती पडताच ती जाळली गेली. त्या जळालेल्या कागदांवर शेकडो कुळांची नावे होती. संशोधक म्हणून मला त्यांची हळहळ वाटली पाहिजे. परंतु ज्या खतावर न वाचता येणाऱ्या मजकुराखाली माझ्या एखाद्या पूर्वजाची निशाणी घेतली गेली असेल, ते खत जळले याचे मला दुःख होत नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. १८७९ च्या शेतकरी-कर्जनिवारण कायद्याने ग्रामनिबंधक नेमून त्यांच्यापुढेच खते करण्याचा नियम घातला, तेव्हापासून ऋणको म्हणून का होईना, पण गरिबाचे नाव सरकारी पुस्तकात नीट येऊ लागले.

मराठवाड्यातील शोधकाला हाच प्रवास निजामशाहीच्या सेतवारातून, मुंतखबातून, उर्दू अक्षरांतून आणि फसली सालांतून करावा लागतो; कोकणात खोताची दफ्तरे पाहावी लागतात; पूर्व विदर्भात मालगुजारीची. २०२३ साली जातीच्या जुन्या नोंदींसाठी तहसील कचेऱ्यांतील दफ्तरे गावोगाव सोडली जाऊ लागली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी जो मान आला तो पाहून मला समाधान वाटले, आणि ही विद्या इतकी वर्षे आपण कशी टाकून दिली याचे वाईटही वाटले.

आणि ज्यांना जमीनच नव्हती त्यांचे काय? त्यांची नावे मोहतर्फ्याच्या, म्हणजे कसबी लोकांवरील कराच्या यादीत, बलुत्याच्या तंट्यात, वतनी चाकरीच्या नोंदीत मिळतात. आणि काहींची तर समुद्रापलीकडे मिळतात. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख माणसे मॉरिशसला गेली, त्यांत मुंबई बंदरातून निघालेले रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. त्यांच्या आगमनाची पुस्तके तेथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत: नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, परगणा, गाव, आणि पुढच्या काळात छायाचित्रही. घरी राहिलेल्या भावाची उंची कोणी लिहिली नाही; ऊस तोडायला गेलेल्याची लिहिली, कारण तो पळाला तर ओळखावा लागणार होता. तिकडचे वंशज आज आपले गाव शोधत कोकणात येतात, तेव्हा परक्या लेखनिकाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले ते गावाचे नाव नकाशावरच्या कोणत्या गावाला जुळते, हाच त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न असतो.

सरकारी कागदाला जोड म्हणून दोन साधने मी वापरली. एक, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, ज्यांत गाव आणि आडनाव सांगताच आपल्या पणजोबाने अस्थी घेऊन आल्या दिवशी सांगितलेली भावंडांची नावे निघतात. ती त्याने शोकाच्या क्षणी सांगितलेली असल्यामुळे बहुधा खरी असतात. दुसरे, प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज पुस्तक. त्यातील जन्मतारखांवर मात्र विसंबू नये. आमच्या घरातील चार भावंडे त्या पुस्तकाप्रमाणे निरनिराळ्या वर्षांच्या १ जून रोजीच जन्मली, कारण तारीख आईबापांना ठाऊक नव्हती आणि गुरुजींना ती लिहिणे भाग होते.

आता ज्या नोंदीसाठी मी हे सर्व लिहावयास बसलो तिच्याकडे येतो. आमच्या घरात एक कथा चालत आली होती, की माझ्या पणजोबांचे थोरले बंधू बायकोशी पटेना म्हणून रुसून मुंबईला गेले, गिरणीत राहिले आणि परतले नाहीत. ती बाई 'टाकलेली' म्हणून गावाच्या वरच्या अंगाला एका खोपटात राहिली. तिचे नाव कोणी घेत नसे. 'वरली' एवढेच म्हणत, आणि त्या शब्दात थोडी नाराजी असे, जणू घराला लागलेला डाग.

गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची वही, चाळताना मला १९१८ चा पावसाळा सरल्यानंतरची पाने लागली. इतर महिन्यांत अर्ध्या पानात भागणाऱ्या नोंदी तेथे पानांमागून पाने चालल्या होत्या, कारणाच्या रकान्यात 'ताप', 'ताप', 'ताप' असे एकसारखे लिहिलेले, आणि शेवटी शेवटी लिहिणाराने तो शब्दही सोडून देऊन नुसत्या उभ्या रेघा ओढल्या होत्या. त्या इन्फ्लुएंझाच्या पानांत, दिवाळीच्या आतबाहेर, थोरल्या पणजोबांचे नाव होते. बापाच्या नावासह, वयासह, आणि मृत्यूचे ठिकाण आमचेच गाव. ते मुंबईला कधी गेलेच नव्हते. पुढच्या वर्षीच्या फेरफारात एकत्र कुटुंबातील मयत म्हणून त्यांचे नाव कमी झालेले सापडले, आणि त्या नोंदीपुढे लाल शाईत शेरा होता, की तक्रार दाखल. तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत मयताची विधवा स्वतः उभी होती: आपल्याला दिराने घराबाहेर काढले, पोटगी द्यावी, असे तिचे म्हणणे, आणि जबाब देणारा दीर म्हणजे माझे पणजोबा, ज्यांच्या फोटोला आम्ही दसऱ्याला हार घालतो. उभय पक्षांच्या तडजोडीने नदीकाठच्या एका नंबराच्या उत्पन्नातून तिला दरसाल पोटगी लावून दिली होती, आणि तिचे नाव त्या शेताच्या 'इतर हक्कां'त चढले होते. पुढची बावीस वर्षे ते तेथे राहिले. मग एका ओळीत, 'पोटगीदार मयत, सबब हक्क कमी केला'.

तडजोडीच्या कागदाखाली तिचा डाव्या हाताचा अंगठा आहे. शाई जास्त लागल्यामुळे रेषा मिटून गेल्या आहेत, आणि त्याच्याभोवती कारकुनाने वळणदार मोडीत तिचे नाव लिहिले आहे, बापाच्या गावासकट.

मी ते नाव चिठ्ठीवर उतरवून घरी आणले. त्या वेळी वडील हयात होते. त्यांनी चष्मा लावून ते वाचले, चिठ्ठी उलटी करून पाहिली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग "वरली म्हणायचो आम्ही" एवढेच म्हणाले. त्या भाद्रपदात आमच्याकडे म्हाळ झाला तेव्हा त्यांनी दरवर्षीची नावे घेतली, पणजोबांचे घेतले, आणि त्याआधी, थोरल्यांच्या नावाशेजारी, तिचे घेतले. कावळ्यासाठी परसात पान मांडले होते. त्यावर एक घास वेगळा ठेवायला त्यांनी आईला सांगितले.